पावशेर भावजी

माझ्या बहिणीने नटाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा घरात रडारड झाली. ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो माणूस समोरच्या खुर्चीवर, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची बोलणी ऐकायला आल्यासारखा बसला होता. वडील त्याला नाही नाही ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. उठताना खुर्ची उचलून होती तिथे भिंतीला लावून ठेवली आणि निघून गेला.

"दगड आहे मेला," आई म्हणाली.

"तुम्हाला दिसलं नाही का?" ताई म्हणाली. "खुर्ची उचलताना त्यांचा हात कसा झाला होता?"

आम्हाला कुणालाच काही दिसलं नव्हतं. ताईला मात्र दिसलं होतं. पुढची सगळी वर्षं तिने हेच केलं. इतरांना न दिसणारं तेवढं बघायचं आणि त्यावर भागवायचं.

भावजींना त्यांच्या धंद्यात सगळे 'पावशेर' म्हणायचे. अगदी सुरुवातीच्या एका मालिकेत दिग्दर्शक वैतागून ओरडला होता, "अहो, अर्धं करा!" यांनी अर्धं केलं. "अजून अर्धं!" तेही केलं. मग दिग्दर्शक गप्प बसला आणि शॉट ओके झाला. बाकीचे शेरभर द्यायचे, भावजी पावशेर. नाव पडलं चिडवण्यासाठी, पण कामं मिळायला लागली ती त्याच नावावर.

माझं चष्म्याचं दुकान आहे. नवी भूमिका मिळाली की भावजी आधी माझ्याकडे यायचे. काउंटरवरच्या आरशासमोर बसून एकेक फ्रेम डोळ्यांवर चढवायचे, बघायचे, काढून ठेवायचे. तासभर चालायचं. गिऱ्हाइकं ताटकळायची. एका सिनेमात ते न्यायाधीश होते. त्यासाठी बारीक सोनेरी काडीची फ्रेम नेली, आणि अख्ख्या सिनेमात ती डोळ्यांवरून एकदाच काढली, शिक्षा सुनावायच्या आधी. गुन्ह्यांच्या मालिकेत ते शेजारी झाले होते, काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा लावणारे. तो शेजारी चौकशीला आलेल्या पोलिसांना चहा देतो. देताना कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवून देतो. खून त्यानेच केलेला असतो. त्या भागानंतर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ताईकडे वाटीभर साखर मागायला यायचं बंद केलं. दारुडा शिक्षक केला तेव्हा ते एकदाही झोकांड्या खाल्ल्यासारखे चालले नाहीत, फक्त शर्टाची बटणं लावायला फार वेळ घेतला. मंत्र्याचा सचिव केला तेव्हा चष्माच नको म्हणाले. "हा माणूस मंत्र्याच्या अर्धं पाऊल मागे असतो. त्याला तेवढंच बघायचं असतं."

रस्त्यात लोक त्यांना ओळखायचे, पण कुठून ते कळायचं नाही. "तुम्ही आमच्या बँकेत होता ना?" असं कुणी विचारलं की भावजी म्हणायचे, "हो. खातं चालू आहे ना अजून?" माणूस खूश होऊन जायचा.

घरीही हेच होतं, पण घरी त्याची मजा नव्हती. माझी भाची शाळेत धावण्यात पहिली आली, बक्षीस घेऊन घरी आली. भावजींनी पेपर खाली केला, तिच्याकडे बघितलं, मान पापणीएवढी हलवली आणि पेपर वर घेतला.

"बाबांना खूप आनंद झालाय हं," ताईने सांगितलं.

पोरगी माझ्या दुकानात येऊन बसली. त्या दिवसांत भावजी एका मालिकेत आंधळ्या मुलीचे वडील झाले होते. भाची म्हणाली, "मामा, बाबा काल त्या मुलीला बघून हसले. टीव्हीवर. मी बघितलं."

"ते खोटं असतं गं."

"असू दे. पण तिला मिळालं ना."

तिचा जीव तिथेच कुठेतरी आंबला असणार. शिकली, नोकरी लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. फोन आईला करायची. "बाबा बरे आहेत का?" एवढंच विचारायची. ताई म्हणायची, "तुझी फार आठवण काढतात." भावजी तिथेच बसलेले असायचे, नाही म्हणायचे नाहीत.

साठी उलटल्यावर त्यांना एका विनोदी मालिकेने घरोघरी पोचवलं. गेस्टहाऊसचा मॅनेजर. पाहुणे काहीतरी अचाट मागतात आणि मॅनेजर फक्त डावी भुवई उचलतो, की लोक खो खो हसतात. एवढंच काम. एके दिवशी शॉट झाल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "काका, भुवई राहिली."

"उचलली की."

"नाही उचलली. परत घेऊ."

परत घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाल्यावर भावजींनी मॉनिटर बघायला मागितला. काउंटरमागे एक म्हातारा उभा होता. समोरचा पाहुणा बोलत होता आणि म्हातारा त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघत होता.

"मी उचलली होती रे," मला सांगताना ते म्हणाले. "आतून पूर्ण उचलली होती. ती तिथपर्यंत पोचलीच नाही."

सोबत काम करणारी नटी हसून म्हणाली, "पावशेरचं आता छटाक झालं वाटतं!" सेट हसला. भावजीही हसले. पण ते हसलेत हे कुणाला कळलं नाही. महिनाभरातच मालिकेतला मॅनेजर भावाकडे राहायला निघून गेला आणि त्याच्या जागी झुपकेदार मिश्यांचा नवा मॅनेजर आला. हे भावजींना कुणी फोन करून सांगितलं नाही. त्यांनी ते आमच्यासारखंच टीव्हीवर बघितलं.

डॉक्टरांकडे मी आणि ताई बरोबर गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, कंपवात. "हात थरथरायलाच हवेत असं नाही. काहींचा आधी चेहरा जातो. आत सगळं शाबूत असतं, पण बाहेर यायची वाट बंद होत जाते."

ताईला हसू फुटलं. दवाखान्यात, सगळ्यांसमोर, तोंडावर पदर धरून ती हसत सुटली. "यांची वाट कधी उघडी होती हो डॉक्टर?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. भावजी समोरच्या तक्त्याकडे बघत होते.

औषधं सुरू झाली. दीड-दोन महिन्यांनी ताईचा सकाळी सकाळी फोन. "अरे, भुवई हलली! चहा गार होता म्हणून माझ्याकडे बघून हलली!" आयुष्यात चहावरून ओरडा बसल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्याच सुमारास एक दिग्दर्शक घरी आला. चाळिशीचा, हळू बोलणारा, बाहेरदेशी नाव झालेला. सिनेमा एका बापाचा होता. मुलगी बेपत्ता होते, शोध लागत नाही, आणि शेवटी पोलीस बापाला प्रेत ओळखायला बोलावतात. मी त्या दिवशी तिथेच होतो. भावजींनी तो प्रसंग वाचून दाखवला. दिग्दर्शकाचे डोळे भरले. "असं मी कुणाला करताना बघितलं नाही," तो म्हणाला.

भावजींनी कागद खाली ठेवले. "आधी सांगायला हवं. यातलं काही मी केलेलं नाही. मला आजार आहे." आणि सगळं सांगितलं.

दिग्दर्शक बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी गिऱ्हाइकाचं नाक बघतो तसा.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"हिला आणि याला."

"मग एवढ्यावरच राहू द्या. औषधाने फरक पडतोय?"

"थोडा."

"म्हणजे चेहरा परत येईल?"

"काही प्रमाणात, असं म्हणतात."

"हं. मग शूटिंगच्या वेळी पंचाईत होईल," तो म्हणाला. आवाजात खरीखुरी काळजी होती.

ताई उठली. "निघा तुम्ही."

"बस गं," भावजी म्हणाले.

"अहो, तो तुम्हाला औषध बंद करायला सांगतोय!"

"मला ऐकू येतंय. चेहरा गेलाय, कान नाही गेले."

दिग्दर्शक गेल्यावर ताईने घर डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, मला शिव्या घातल्या, माझा काय संबंध कोण जाणे. भावजी शांत होते. म्हणजे तसे दिसत होते. "आयुष्यभर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची कामं केली," ते म्हणाले. "पोस्टरवर कधी माझं तोंड आलं नाही. आता येतंय, तर तू मध्ये येऊ नकोस." त्यांनी डॉक्टरांकडे जाणं सोडलं. गोळ्या ताईने कपाटात ठेवल्या, त्यांनी त्या कचऱ्यात टाकल्या.

शूटिंग लांबत गेलं. त्यांची पावलं जमिनीला घासायला लागली. अंथरुणात कूस बदलता येईना. ताई पहाटे उठून त्यांची बटणं लावायची, बुटात पाय घालायची, मग गाडी न्यायला यायची. त्या घासत्या चालीवर दिग्दर्शक खूश झाला. "ही चाल ठेवू या." सेटवरची पोरं आपापसात बोलायची, काय कलाकार आहे, जेवतानासुद्धा भूमिकेतून बाहेर येत नाही. घास तोंडाकडे नेताना सांडायचा, तर तेही भूमिकेतच.

आणि नेमकी तेव्हाच भाची आली.

तिला सहावा महिना होता. पोटातलं मूल गेलं. दवाखान्यातून सुटली ती नवऱ्याच्या घरी गेली नाही, रात्रभर प्रवास करून आईबापाकडे आली. ताईने मलाही बोलावून घेतलं. पोरगी सोफ्यावर बसली होती, केस विंचरलेले नव्हते, आणि समोर तिचे बाबा. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मी तिला तसं बघताना लहानपणी हजारदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी ती मागत होती.

"बाबा, मुलगी होती," ती म्हणाली.

भावजी म्हणाले, "बरं झालं, इकडे आलीस." तोवर आवाजही गेला होता. चढ नाही, उतार नाही. रेल्वेची घोषणा असावी तसं ते वाक्य बाहेर आलं. चेहरा पाटीसारखा कोरा. डोळ्यांची उघडझापसुद्धा कमी झालेली, त्यामुळे ते तिच्याकडे टक लावून बसल्यासारखे दिसत होते.

तिने वाट बघितली. मग म्हणाली, "एवढंच?"

ताईने तोंड उघडलं. भावजींनी तिच्याकडे मान वळवली, आणि ताईने तोंड मिटलं. सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी नंतर तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती भाजी चिरत होती. "सांगितलं असतं तर पोरीने त्यांना उचलून डॉक्टरकडे नेलं असतं. सिनेमा गेला असता. मग हा माणूस मरेपर्यंत माझ्या उरावर बसून राहिला असता, तू माझा सिनेमा घालवलास म्हणून. तेही न बोलता. तू राहून बघ असल्या माणसाबरोबर." सुरी चालूच होती.

भाची दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेली. चहासुद्धा घेतला नाही.

सिनेमा लागला. पोस्टरवर फक्त भावजींचं तोंड होतं, बसथांब्यावर, भिंतींवर, माझ्या दुकानासमोरच्या खांबावर. पेपरांनी भरभरून लिहिलं. संयत, मितभाषी, एकही स्नायू न हलवता अख्खं दुःख उभं करणारा. मोठं बक्षीसही मिळालं. ते घ्यायला व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्यांना फार वेळ लागला आणि सभागृह तेवढा सगळा वेळ उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दिग्दर्शकाने त्यांचा कोपर धरला होता. लोकांना ते आदराने धरल्यासारखं वाटलं.

भाचीने सिनेमा एकटीने बघितला आणि थेट घरी आली. ताईने दार उघडलं तर म्हणाली, "त्यांना म्हणावं, बाहेर या."

भावजी माझ्याबरोबर स्वयंपाकघरातच बसले होते. ती आत येऊन समोर उभी राहिली. "त्या प्रेतावरची चादर काढतात तेव्हा तुम्ही जे करता, ते तुम्ही माझ्यावर करून बघितलंत. मी इथे बसले होते, आणि तुम्ही तालीम करत होता."

आता मात्र ताईने सांगितलं. आजार, गोळ्या, दिग्दर्शक, सगळं. बोलता बोलता रडली. भाची ऐकत होती. मला वाटलं, आता ही बसेल, बापाचा हात धरेल. झालं ते वेगळंच.

"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.

"झाली की तीन वर्षं," ताई म्हणाली.

"तीन," भाची म्हणाली. "मी चौतीस वर्षांची आहे आई."

नळ गळत होता. ताईने तो घट्ट केला.

"बाबा, तुम्ही सांगा. मी शाळेतून बक्षीस घेऊन यायचे, तेव्हा आजार होता?"

"नाही," भावजी म्हणाले.

"मग काय होतं?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. ती थांबली. थांबायची तिला सवयच होती.

"मला वाटायचं, तुला दिसतंय."

"कसं दिसणार? मी काय कॅमेरा होते का, नाकासमोर धरायला?" ती ओरडली नाही. पर्स खांद्याला लावली. "त्या आंधळ्या मुलीला बघून तुम्ही हसला होता. ती तर खरी आंधळीही नव्हती."

ती गेल्यावर भावजी तसेच बसून होते. ताई त्यांच्यापुढे खाली बसली आणि त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून बघायला लागली. इकडे वळव, तिकडे वळव, उजेडात आण. बराच वेळ बघितलं. मग सोडून दिलं. "नाही रे," मला म्हणाली. "मलाही आता काही दिसत नाही."

गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण भुवई परत आली नाही. आधीच्या वेळी थांबवलं नसतं तर आली असती का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. चेहऱ्याचे व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी घरी यायची. त्यांना आरशासमोर बसवायची आणि म्हणायची, "हसा आजोबा! मोठं! अजून मोठं! आता आश्चर्य! आ करा! नाटकी करा, अगदी नाटकी!" ज्या माणसाने चाळीस वर्षं कमी कमी करत आणलं, तो रोज सकाळी आरशासमोर बसून आ करायचा प्रयत्न करायचा. लाळ गळायची. ती मुलगी टाळ्या वाजवायची. "शाब्बास!"

नंतर दिग्दर्शकाचा एकदाच फोन आला. नव्या सिनेमासाठी एक तरुण नट घेतला होता आणि त्याला 'ती स्तब्धता' शिकवायला भावजी हवे होते. गाडी पाठवतो म्हणाला. मी बरोबर गेलो. एका रिकाम्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. तो देखणा, मेहनती पोरगा भावजींच्या समोर बसला आणि त्यांना बघायला लागला. आजाराचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हळूहळू त्याची मान पुढे झुकली, खांदे पडले, पापण्या थांबल्या, ओठ किंचित विलग झाले. अर्ध्या तासात त्याने भावजी पूर्ण उचलले. ओठाच्या कोपऱ्यातला तो ओलेपणासुद्धा.

"बरोबर येतंय का सर?" त्याने विचारलं.

भावजींच्या हातात पाण्याचा पेला होता. त्यांनी तो त्याच्या अंगावर फेकायला उचलला. हात अर्ध्यावर अडकला, पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं. पोरगा ते डोळे विस्फारून बघत होता. मग तो दिग्दर्शकाकडे वळून हळूच म्हणाला, "हे करू का मी? पेल्याचं?"

"बघू," दिग्दर्शक म्हणाला.

मी भावजींना उठवलं. गाडीत त्यांची विजार पुसत होतो, तर ते काहीतरी बोलले. मी कान जवळ नेला. "पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. त्यात चीड होती की कौतुक, मला सांगता येणार नाही.

पुढच्या थंडीत छातीत कफ भरला आणि चार-सहा दिवसांत ते गेले. शेवटी शेवटी गिळताही येत नव्हतं. भाची आली ती ते गेल्यावर. तिने आईला धरून बसवलं, कागदपत्रांचं बघितलं, आल्यागेल्याला पाणी विचारलं. डोळ्यांत टिपूस नाही. दाराशी दोन-तीन वार्ताहर आले होते. त्यातल्या एकीने विचारलं, "पडद्यावर इतकं कमी बोलणारे, इतकं आवरून धरणारे तुमचे वडील घरी कसे होते?"

"असेच," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ते ठळक अक्षरांत आलं. पडद्यावर आणि घरात एकच असलेला माणूस, लेकीची हृद्य आठवण. ताईने ते वाचलं आणि पेपर भाचीपुढे सरकवला. भाचीने बघितला, घडी घातली आणि विचारलं, "रद्दीवाला कधी येतो?"

"रविवारी," ताई म्हणाली.

भाची रविवारपर्यंत थांबली नाही.